7805 (स्थिर 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) च्या आधी रेझिस्टर लावायच्या मेसेजबद्दल खुलासा
ग्रुपवर फिरतंय की 24 व्होल्ट डीसी असेल तर 7805 च्या इनपुटला 10 ओहमचा रेझिस्टर टाका, व्होल्टेज उतरतं, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागत नाही. हे चुकीचं आहे. ओहमचा नियम लावून बघा ना, अर्धा अँपिअर लोडला रेझिस्टरवर फक्त 5 व्होल्ट पडतात, म्हणजे अडीच वॉट तिथे आणि 7805 वर उरलेल्या 14 व्होल्टचे 7 वॉट तरीही त्याच्यातच, हीटसिंक नसेल तर तो तापून बंद पडणार, आणि लोड काढला की इनपुटला परत जवळपास 24. शिवाय पाव वॉटचा रेझिस्टर लावला तर तो जळतोच, ते मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही! त्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणा, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटरनंतर साधारण 11 व्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात. नवीन शिकणारी पोरं वाचून तसंच करतात हो, प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका.