कुणाकडून भाजी घ्यायची, हे ठरवणारे

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीपाशी बसमध्ये मराठी-कन्नड भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली. मग कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं आणि आंतरराज्य फेऱ्या थांबल्या. त्याच सुमाराला आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाचा निरोप आला: कन्नड बोलणाऱ्याकडून यापुढं भाजीसुद्धा घ्यायची नाही. मी हरकत घेतली. उत्तर आलं, 'कार्डिफमध्ये बसून तुला काय कळणार?'

का नाही कळणार? मी बेळगावच्या शहापुरात वाढलो. बाबांचं रविवार पेठेत धान्याचं दुकान होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, त्याचं दुःख बाबांनी जन्मभर जपलं. दरवर्षी त्या दिवशी काळी फीत लावून ते मूक सायकल फेरीत जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की बैलहोंगलच्या कन्नड शेतकऱ्याला 'बर्री, कूडरी' (या, बसा) म्हणून गादीवर बसवायचे, आधी पाणी द्यायचे, मग ज्वारीचा भाव बोलायचे. काटा पुरता थांबल्याशिवाय वजन लिहायचं नाही, गिऱ्हाईक कुठल्याही भाषेचं असो. कीर्द-खतावणी मात्र शेवटपर्यंत मराठीत. संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन पेपर वाचल्याशिवाय घरी यायचे नाहीत. त्यांच्या मराठीपणावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

म्हणून तो भाजीचा निरोप मला सहन झाला नाही.

इथं ब्रिटनमधल्या वेल्समध्ये 2011 च्या कायद्यानं वेल्श भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. पाट्या दोन्ही भाषांत आहेत, रस्त्यावर 'आराफ' म्हणजे 'सावकाश' लिहिलेलं असतं, बसमधून उतरताना माणसं ड्रायव्हरला 'दियोल्ख' म्हणजे 'धन्यवाद' म्हणतात. तरीही 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे 17.8 टक्केच निघाले, 2011 मध्ये ते 19 टक्के होते. माझ्या शेजारणीला वेल्श येत नव्हतं. तिनं मुलाला वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं आणि रात्री जेवणाच्या टेबलावर त्याचंच पुस्तक घेऊन ती स्वतः शिकते. उच्चार चुकला की पोरगा सुधारतो, ती पुन्हा म्हणते. तिनं कुणाच्या दुकानावर बहिष्कार घातलेला मी पाहिला नाही. ही शिस्त आमच्याकडं का येत नाही? त्या चुलतभावाची थोरली दोन्ही मुलं इंग्लिश मीडियममध्ये. गल्लीतल्या मराठी शाळेचा पट घटतोय म्हणून ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तोच.

अन्याय झालाच नाही, असं मी म्हणत नाही. मराठी शेतकऱ्याच्या हातात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये पडतो, तो वाचायला त्याला दुसऱ्याकडं जावं लागतं. 2014 मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडला, तेव्हा लोकांनी लाठ्या खाल्ल्या. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, त्याचा निकाल लागायलाच हवा. खरं, निकाल लागेपर्यंत आपण रोज कसे वागतो, पोराशी कुठल्या भाषेत बोलतो, दारात आलेल्याला कसं बसवतो, हे कुठलं कोर्ट ठरवणार? बहिष्कार घालत राहिलं की माणूस तसाच होत जातो. आम्ही तसे नव्हतो, आम्हाला तसं वाढवलंच नव्हतं.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत मी जातो. माझं बेळगावी 'काय करूलास' ऐकून पुण्याचे लोक हसतात आणि विचारतात, 'तुम्ही कर्नाटकातले ना?' प्रत्येक फॉर्मवर जन्मस्थळाच्या रकान्यात कर्नाटकच लिहावं लागतं, आणि लिहिताना आजही हात आखडतो. पण मागच्या दिवाळीत हुबळीच्या एका कुटुंबाकडं फराळाला गेलो होतो. त्यांची आई नुकतीच गावाहून आली होती, येताना बेळगावचा कुंदा घेऊन. तिच्याशी मोडक्या कन्नडात भावाच्या लग्नापासून रविवार पेठेपर्यंत बोलत राहिलो. गणपतीच्या मांडवात जे कधी वाटलं नाही, ते तिथं वाटलं: मी माझ्या गावात आहे. ग्रुपवर हे लिहायचं धाडस मला झालं नाही, कारण त्याचा अर्थ काय काढतील ते ठाऊक होतं. आज लिहितोय, काय काढायचा तो काढू देत.

सल्ला द्यायचा माझा हक्क मात्र मी सोडणार नाही. ते घर माझंही आहे. भावाची धाकटी यंदा पहिलीत जाईल. दादा, तिच्यासाठी फॉर्म कुठल्या शाळेचा आणलास, तेवढं ग्रुपवर सांग.