राखून ठेवलेले मत म्हणजे दाबलेले प्रकरण नव्हे

सरकारी रुग्णालयातील शवविच्छेदनाविषयीचा एक मजकूर गेले काही महिने व्हॉट्सअॅपवर फिरत आहे. माझ्या एका आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘दादा, हे खरे आहे का?’ मजकुराचा सारांश असा. डॉक्टर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ (म्हणजे अवयवांचे नमुने रासायनिक तपासणीसाठी काढून ठेवले आणि अहवाल येईपर्यंत मृत्यूच्या कारणाचे मत राखून ठेवले) असे लिहितो तेव्हा प्रकरण दाबायचे आधीच ठरलेले असते. शरीरावरून मृत्यूची नेमकी वेळ कळत असूनही ती मुद्दाम मोघम लिहिली जाते. खून की आत्महत्या हे लिहिणे पोलिसांच्या सांगण्यावरून टाळले जाते. प्रत्यक्ष चिरफाड सफाई कामगार करतो आणि डॉक्टर नुसती सही करतो. आणि रात्रभर शव अडवून ठेवतात ते अवयव काढून विकता यावेत म्हणून. मी सार्वजनिक आरोग्य सेवेत वैद्यकीय अधिकारी आहे. न्यायवैद्यकशास्त्रात मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी नेमणूक झाली की बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती आणि शवविच्छेदन ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, त्यामुळे या पाचही मुद्द्यांशी माझा रोजचा संबंध आहे. त्यांपैकी एक आरोप बराचसा खरा आहे, आणि तो मी शेवटी घेणार आहे.

पहिला मुद्दा व्हिसेऱ्याचा. प्रत्येक प्रकरणात मत राखून ठेवले जाते, असा मजकुराचा सूर आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गळफासाच्या प्रकरणात मानेवरचा वळ हनुवटीखाली उंचावर, तिरका आणि गाठीच्या बाजूला तुटलेला असेल, त्याखालची कातडी वाळून पिवळसर, चामड्यासारखी कडक झाली असेल, गाठीच्या विरुद्ध बाजूने ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून वाळलेली असेल आणि आतल्या तपासणीत याच्याशी विसंगत काही नसेल, तर मृत्यूचे कारण त्याच दिवशी लिहून दिले जाते. डोक्याच्या जबर दुखापतीतही तसेच. मत राखून ठेवावे लागते ते शरीर जिथे उत्तर देत नाही किंवा अर्धेच देते तिथे, आणि ग्रामीण भागात अशा प्रकरणांत विषबाधा सर्वांत पुढे असते.

कीटकनाशक प्यायलेल्या माणसाचे जठर उघडले की खोलीभर वास पसरतो. नातेवाईक दाराशी उभे राहून विचारतात, ‘साहेब, वास तर आम्हालाही आला, मग लिहीत का नाही?’ वास बरणीत भरून न्यायालयात नेता येत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे. म्हणून जठर त्यातील पदार्थांसह आणि लहान आतड्याचा तुकडा एका बरणीत, यकृताचा मोठा तुकडा, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग दुसऱ्या बरणीत, असे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त वेगळ्या बाटलीत जाते. ज्या द्रावणात अवयव ठेवले त्याचाही नमुना स्वतंत्रपणे पाठवावा लागतो, कारण विष त्या द्रावणातूनच आले नव्हते हे दाखवता आले पाहिजे. बरणी काठोकाठ भरत नाहीत. कुजताना तयार होणाऱ्या वायूला जागा ठेवली नाही तर झाकण उडते. मग चिठ्ठी, दोरा, लाखेचे सील, सीलचा नमुना आणि पोलीस शिपायाची पोच. ज्याला प्रकरण दाबायचे आहे तो ही सगळी उठाठेव करणार नाही. पोटात विशेष काही आढळले नाही असे लिहून तो मोकळा होईल.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली एक शेतकरी बाई पहाटे पोटात दुखते म्हणून उठली, थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले आणि दवाखान्याच्या वाटेवरच तिचा श्वास थांबला. घरच्यांना मण्यारीचा संशय होता. शेजाऱ्याने गोठ्याजवळ साप पाहिलाही होता. मण्यारीचा दंश अनेकदा झोपेत कळतही नाही, तिथे सूज येत नाही आणि खूण डासाच्या चाव्याएवढीही राहत नाही. मी भिंग घेऊन बोटांच्या बेचक्यांपासून कानामागपर्यंत सगळे शरीर पाहिले, काहीही सापडले नाही. घरच्यांना ‘सर्पदंश’ हा शब्द हवा होता आणि त्यांची मागणी रास्त होती, कारण शेतकरी अपघात सानुग्रह अनुदानाचे २ लाख रुपये त्या एका शब्दावर अवलंबून होते. मी मात्र मत राखून ठेवले, व्हिसेरा पाठवला, हृदय आणि मेंदूचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवले, आणि त्या दिवशी शवागाराबाहेर पुष्कळ बोलणी खाल्ली.

काही महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला, आणि त्यात नेहमीचे वाक्य होते की, सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत कोणतेही विष आढळले नाही. हे वाक्य वाचून ‘म्हणजे साप चावलाच नव्हता’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांत केवळ सामान्य वाचक नसतात. नेहमीच्या रासायनिक चाचण्या कीटकनाशके, अल्कोहोल, औषधे, धातूंची विषे यांच्यासाठी असतात. सापाचे विष हे प्रथिन आहे आणि ते त्या चाचण्यांच्या जाळ्यात येतच नाही. पण त्या अहवालाने विषप्राशनाची शक्यता दूर केली, हृदयविकार आणि मेंदूतील रक्तस्राव दुसऱ्या अहवालाने दूर केले, आणि लक्षणांचा क्रम मण्यारीच्या दंशाशी तंतोतंत जुळत होता. तेव्हा ही सर्व कारणमीमांसा लिहून मृत्यू सर्पदंशाने झाल्याची दाट शक्यता असल्याचे अंतिम मत मी दिले. हेच मत पहिल्या दिवशी दिले असते तर माझ्याकडे शेजाऱ्याने साप पाहिला यापलीकडे काहीही आधार नव्हता.

मत राखून ठेवल्यावर ते वर्षानुवर्षे तसेच राहते, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे मूळ मजकुराच्या लेखकाने चुकीच्या टेबलावर शोधले आहे. डॉक्टर सार्वजनिक आरोग्य विभागाचा, बरण्या नेणारा शिपाई पोलीस ठाण्याचा आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाच्या. त्यांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथून निघालेला अहवाल पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर तो अंतिम मतासाठी पुन्हा डॉक्टरकडे आणावा लागतो. तोवर तपास अधिकारी बदललेला असतो, डॉक्टरचीही बदली झालेली असते आणि अहवाल फाईलला टाचलेला राहतो. नातेवाइकांनी विचारण्यासारखे प्रश्न दोन आहेत: सीए रिपोर्ट आला का, आणि आला असेल तर तो अंतिम मतासाठी कोणत्या तारखेला पाठवला? हे दोन प्रश्न लेखी अर्जाने विचारले की फाईल हलते, हा माझा अनुभव आहे.

मृत्यूच्या वेळेचा मुद्दा घेऊ. घड्याळ पाहून सांगावी तशी वेळ सांगणारे डॉक्टर फक्त मालिकांत असतात. शरीराची ताठरता, खालच्या बाजूला साकळलेले रक्त, जठरातील अन्न, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला उमटणारा हिरवट डाग या सगळ्यांवरून एक अंतर सांगता येते, क्षण नव्हे. पाठ्यपुस्तकात ताठरता साधारण १२ तासांत अंगभर पसरते, १२ तास टिकते आणि पुढच्या १२ तासांत उतरते असा ठोकताळा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या देहाने पुस्तक वाचलेले नसते, तिथे ती लवकर येते आणि लवकर जाते. जेवणानंतर अमुक तासांत जठर रिकामे होते, हेही भाकरी-पिठले खाल्लेल्या आणि लग्नात पक्वान्न जेवलेल्या माणसाला सारखे लागू पडत नाही. म्हणून ‘६ ते १२ तासांच्या दरम्यान’ असे लिहिलेले मत मोघम नसते, ते शास्त्राला झेपेल इतकेच नेमके असते. ‘रात्री ११ वाजून २० मिनिटांनी’ असे कोणी शवविच्छेदनावरून लिहून दिले, तर संशय त्याच्यावर घ्यावा.

खून की आत्महत्या, हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार अकस्मात मृत्यूत पोलीस पंचांसमक्ष पंचनामा करतात, आणि लग्नानंतर ७ वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूबाबत घातपाताचा वाजवी संशय असला की शवविच्छेदन करून घेणे टाळता येत नाही. डॉक्टर मृत्यूचे कारण सांगतो: गळफासाने श्वास कोंडून, बुडून, कवटीच्या अस्थिभंगामुळे. दुखापत जिवंतपणीची की मृत्यूनंतरची, एका हत्याराची की दोन, स्वतः करून घेणे शक्य आहे की नाही, हेही त्याने सांगितलेच पाहिजे आणि विचारले नाही तरी लिहिले पाहिजे. गळा आवळून नंतर टांगलेला देह आणि स्वतः फास घेतलेला देह यांतला फरक अनेकदा मानेच्या आतल्या थरांत दिसतो, आणि तो पाहून न लिहिणारा डॉक्टर दोषी आहे. परंतु ज्याला धमकावून फास घ्यायला लावले आणि ज्याने स्वतःहून घेतला, त्या दोघांची मान सारखीच असते. तिथे साक्षीदार, फोन आणि चिठ्ठी बोलतात, आणि निर्णय न्यायालय देते. दबाव येत नाही असे मी म्हणणार नाही. येतो, आणि पोलिसांपेक्षा गावच्या पुढाऱ्यांकडून अधिक येतो. पण अहवालात ‘खून’ हा शब्द नाही हा काही त्या दबावाचा पुरावा नव्हे.

रात्रीचा आणि अवयवांचा मुद्दा थोडक्यात संपण्यासारखा आहे. रक्ताभिसरण थांबून काही तास उलटलेल्या देहातील मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपणाच्या कामाचे राहत नाही, आणि मृत्यूनंतर काही तासांत घेता येते ते डोळ्यांचे बुबुळ किंवा त्वचा, तेही संमतीने. देह सकाळपर्यंत थांबतो तो उजेडासाठी, कारण पिवळ्या दिव्याखाली काविळीचा पिवळेपणा आणि ताज्या वळाचा रंग दोन्ही फसवतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले देह आणि संशयास्पद मृत्यू कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर त्यातून वगळले आणि रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास सांगितले.

आता सफाई कामगाराचा मुद्दा. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी शवागार म्हणजे इमारतीमागची, नळ नसलेली पत्र्याची खोली होती. महाविद्यालयात आम्ही शवविच्छेदने पाहिली होती, स्वतःच्या हाताने पूर्ण केलेले एकही नव्हते. या कानापासून त्या कानापर्यंत टाळूची कातडी कशी कापायची, ती चेहऱ्यावर कशी उलटवायची आणि करवत कुठे थांबवायची, हे मला तिथल्या ज्येष्ठ सफाई कामगाराने शिकवले. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर होता. ग्रामीण रुग्णालयाच्या मंजूर पदांत न्यायवैद्यकशास्त्राचा विशेषज्ञ नसतो, आणि बाहेर रुग्णांची रांग उभी असते. मदतनिसाने डॉक्टरसमोर देह उघडणे आणि डॉक्टरने प्रत्येक अवयव हातात घेऊन, वजन करून, कापून पाहणे, ही पद्धत मला मान्य आहे. डॉक्टरने नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहणे आणि आतून ऐकलेले टिपून घेणे ही फसवणूक आहे, आणि ती होते. असा अहवाल ओळखताही येतो: वजनाचे रकाने कोरे असतात आणि फुप्फुसापासून मूत्रपिंडापर्यंत प्रत्येक अवयवापुढे एकच शब्द लिहिलेला असतो. मजकुराच्या लेखकाने एवढेच लिहिले असते तर मी त्याला दुजोरा दिला असता.

काही वर्षांपूर्वी एका सत्र खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारले, ‘डॉक्टर, कवटी तुम्ही उघडली का?’ मी सांगितले की, उघडली मदतनिसाने, मेंदू बाहेर काढून पाहिला मी. त्यांनी अहवाल पुढे केला आणि त्या मदतनिसाचे नाव कुठे आहे ते दाखवायला सांगितले. नाव नव्हते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात ते असते.