गच्चीवर सोलर आणि घरात मेणबत्ती

जूनच्या पहिल्या वादळात आमच्याकडे दोन रात्री लाईट नव्हती. झाड पडून तारा तुटल्या होत्या, वायरमन भर पावसात खांबावर चढत होते, त्यांच्याबद्दल माझं काहीएक म्हणणं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं, गच्चीवर 3 किलोवॅटचे पॅनल तापतायत आणि खाली सासूबाईंचं नेब्युलायझर, म्हणजे श्वासाचं औषध देणारं मशीन, बंद, कारण सोलर आलं म्हणून जुनी पाण्याची बॅटरी आम्ही काढून टाकली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, तुमचं तर सोलर आहे ना? मग तुमच्याकडे अंधार कसा?"

बसवताना हे कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे लिहितेय. सबसिडीत आपण बहुतेक जण जे बसवतो ते ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं असतं, लाईनला करंट नसला की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. आणि ते बरोबरच आहे, आपल्या पॅनलची वीज उलटी तारेत गेली तर तिथे काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन नसताना बॅटरीवर घर चालवणारा, आणि सोबत बॅटरी लागते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात ते पॅनलचे, बॅटरीचा खर्च आपला आपण.

त्या रात्रीपासून मी याच विषयावर वाचत बसलेय. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात यॅकनडांडा म्हणून गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम खेडंच. 2014 मध्ये तिथल्या लोकांनी ठरवलं की 2022 पर्यंत सगळं गाव अक्षय ऊर्जेवर न्यायचं. ते पूर्ण झालं नाही, पण घराघरावर पॅनल आले, बऱ्याच घरांत बॅटऱ्या आल्या, आणि 2021 मध्ये जुन्या लाकडाच्या गिरणीच्या आवारात गावाची म्हणून एक बॅटरी बसली, 274 युनिटची. दुपारची जास्तीची वीज तिच्यात साठवायची आणि संध्याकाळी वापरायची.

पण मला त्या बॅटरीपेक्षा त्याच्या आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. 2002 च्या सुमारास गावातला एकुलता एक पेट्रोल पंप बंद पडायला आला, तेव्हा गावकऱ्यांनी शेअर काढून कंपनी केली आणि तो स्वतःच चालवायला घेतला. म्हणजे सोलर यायच्या कितीतरी आधी त्या गावाला एकत्र पैसे घालायची आणि हिशोब ठेवायची सवय लागली होती!

याच्या उलट आपल्याकडचं बिहारमधलं धरनई. जहानाबाद जिल्ह्यातलं हे गाव जवळपास तीस वर्षं अंधारात होतं, 2014 ला तिथे 100 किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं स्वतःचं वीजजाळं, आला, सगळ्या देशात बातम्या झाल्या. पुढे थोड्याच दिवसांत सरकारी वीज पोचली, ती स्वस्त होती, सोलरवर जास्त वॅटची उपकरणं लावता येत नव्हती, आणि तीनेक वर्षांत बॅटऱ्या संपल्या त्या बदलल्याच नाहीत. पॅनल अजून वीस वर्षं चालले असते. वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तंत्रज्ञान बरं होतं, फक्त बॅटरी मेल्यावर नवी कुणी आणायची याचं उत्तर गावाकडे नव्हतं.

आता सौरग्राम, म्हणजे सोलरवर चालणारी गावं, जाहीर होतायत, चांगलंच आहे, पण उद्घाटनाच्या दिवशी मला एवढंच विचारायचंय की बॅटरी कुठाय, ती कुणाच्या नावावर आहे, आणि ती बदलायला दर महिन्याला किती रुपये बाजूला पडतायत. लिथियमची बॅटरी दहा वर्षं जाते असं धरलं तरी अकरावं वर्ष येणारच ना.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांनीच शेअर घालून उभा केला. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था तर 2011 पर्यंत नगर जिल्ह्यात घरोघरी वीज देत होती! ती थकबाकीत बुडाली हेही खरं, म्हणून वसुलीचा नियम पहिल्या दिवशी लिहून काढायला पाहिजे, ओळखीपाळखीत सोडायचं नाही.

आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत, चार घरांवर पॅनल. मी कागदावर मांडलंय: बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, फ्रीज, वायफाय धरून एका घराला रात्रीचे साधारण 3 युनिट पुरतात. सुरुवात चार घरांत प्रत्येकी 5 युनिटच्या बॅटरीने, खरेदी एकत्र म्हणजे भाव करता येईल, आणि बदलीसाठी महिन्याची भिशी पतसंस्थेत वेगळ्या खात्यावर. ज्यांच्याकडे पॅनल नाहीत त्यांच्या घरातली औषधं या चार फ्रीजमध्ये, मशीन या चार घरांत, हे आधीच ठरवून. रविवारी सकाळी नऊला मारुतीच्या देवळात बसतोय, काकू पण येणारेत. कुणाच्या गावात असं काही केलं असेल तर खाली लिहा, बॅटरी कुठली घेतली, केवढ्याला पडली आणि मेंटेनन्सचं काय केलं, हे तिन्ही लिहा.