ह्युमॅनिटेरियन अफेअर्समध्ये पदवी घेताय? आधी अभ्यासक्रमात गणित किती आहे ते बघा

युद्ध, भूकंप, दुष्काळ, निर्वासितांचे लोंढे हे सगळं बघून अस्वस्थ होणारी मुलं हल्ली थेट पदवीलाच ह्युमॅनिटेरियन अफेअर्स, म्हणजे संकटग्रस्तांना मदत पोचवण्याचा विषय, निवडतात. त्यात वावगं काही नाही. पण एकट्या या विषयाच्या पदवीवर विसंबू नये, हे माझं ठाम मत. सोबत सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, संख्याशास्त्र, अकाउंट्स, लॉजिस्टिक्स, नर्सिंग यांपैकी काहीतरी पक्कं यायला हवं. कारण छावणीत कळवळ्याची टंचाई नसते. टंचाई असते ती हिशेब जमणाऱ्या माणसांची.

सैद्धांतिक भाग बिनकामाचा आहे असं मात्र कुणी समजू नये. सोल्फेरिनोची लढाई (तिथल्या जखमींचे हाल बघूनच रेड क्रॉसची कल्पना सुचली) १८५९ ची, रेड क्रॉस १८६३ चा, युद्धातल्या जखमींना संरक्षण देणारा पहिला जिनिव्हा करार १८६४ चा, आजचे चार जिनिव्हा करार १९४९ चे. या सनावळ्या परीक्षेपुरत्या पाठ करून भागत नाही. साधं उदाहरण घ्या. छळाच्या भीतीने सीमा ओलांडून गेलेल्या माणसाला १९५१ चा निर्वासित करार लागू होतो. त्याचाच भाऊ त्याच कारणाने घर सोडतो, पण देशातच दुसऱ्या जिल्ह्यात थांबतो. त्याला हा करार लागू नाही. त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती बंधनकारक करार नाहीत. म्हणजे ज्या सरकारमुळे तो विस्थापित झाला असेल, त्याच सरकारकडे मदत संस्थेला परवानगी मागावी लागते. हा फरक नीट न कळलेला विद्यार्थी पुढे प्रत्येक संकटाला ‘जगाने काहीतरी करायला हवं’ एवढंच उत्तर लिहीत बसतो.

आता गणिताकडे. १९९४ मध्ये रवांडातून शेजारच्या झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमाला पळालेल्या निर्वासितांपैकी पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. मदतीला संस्था कमी नव्हत्या, पण किमान काय पुरवायचं यावर एकमत नव्हतं. त्या धक्क्यातून १९९७ मध्ये मदतीची किमान मानकं ठरवणारा स्फिअर प्रकल्प सुरू झाला. त्याची हँडबुक फुकट मिळते, सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे. त्यातले आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, नळाला मिनिटाला साडेसात लिटरची धार, घरापासून पाणी जास्तीत जास्त ५०० मीटरवर, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ नको.

पाठांतर इथवर पुरतं. १० हजार माणसांची छावणी घ्या. रोज दीड लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरच्या १५ फेऱ्या. नळ ४०. आता एका नळावरची २५० माणसं गुणिले १५ लिटर, म्हणजे ३,७५० लिटर. साडेसात लिटरने भागा, ५०० मिनिटं येतात. म्हणजे नळ सव्वाआठ तासांहून जास्त वेळ सलग आणि पूर्ण धारेने चालला, तरच हे ४० नळ पुरतात. पाणी रोज चारच तास येत असेल तर नळ ८० हून जास्त लागतील. पुस्तकातला आकडा तोच राहतो, जमिनीवरची गरज मात्र दुप्पट होते.

एवढं करूनही पाणी घरात पोचेल याची खात्री नसते. पाच जणांच्या कुटुंबाला ७५ लिटर लागतात. त्यांच्याकडे दहा लिटरची एकच बादली असेल तर आठ खेपा होतात. आठ खेपा कुणी करत नाही, लोक चार-पाच खेपांत भागवतात. मग टाकीच्या मीटरवर माणशी १५ लिटर आणि झोपडीत आठ-दहा लिटर. अहवाल लिहिणाऱ्याने मीटर वाचलेला असतो, भांडी मोजलेली नसतात. क्लोरीनचंही तेच. नळाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम भरतं, पण बादली मळकी असेल तर संध्याकाळपर्यंत त्यातलं काही उरत नाही. म्हणून तपासणी नळावरही हवी आणि घरातल्या भांड्यातही.

ज्या अभ्यासक्रमात हे गणित फळ्यावर सोडवून घेतात आणि मग ‘हे कुठे फसेल?’ असं विचारतात, तो अभ्यासक्रम चांगला. जिथे स्फिअरवर फक्त टीप लिहायला सांगतात, तो यथातथा.

दुसरी कसोटी कुपोषणाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या आत म्हणजे मध्यम. पट्टी डाव्या दंडाला लावायची. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून तिथे मोजायचं. पट्टी जरा आवळली की ११७ चे ११४ होतात आणि मूल भलत्याच यादीत जातं. ढिली राहिली तर याच्या उलट, आणि ते जास्त घातक. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, हेही बघायचं. राहिला तर दंडघेर कितीही येवो, ते मूल अतितीव्रच. आणि गोळा झालेल्या आकड्यांत ११०, ११५, १२० यांचीच गर्दी दिसली तर समजा, कुणीतरी अंदाजाने लिहिलंय. हे ओळखायला वर्षभराचं बेसिक संख्याशास्त्र पुरतं, पण तेवढं तरी हवंच.

प्रवेशाआधी विषयांची यादी मागवा. सर्वेक्षण आणि नमुना निवड, साथरोगशास्त्राची तोंडओळख, बजेट आणि खरेदी, मानवतावादी कायदा या चारांपैकी तीन सक्तीचे असतील तर ठीक. सगळे ऐच्छिक असतील तर विद्यार्थी ते टाळतात, हे सांगायला नको. फ्रेंच, अरबी किंवा स्पॅनिश यांपैकी एक भाषा पहिल्या वर्षापासून घ्या. शेवटच्या वर्षी सुरू केलेली भाषा सीव्हीवरच राहते. सर्वेक्षणाचा डेटा गोळा करायचं कोबो टूलबॉक्स आणि नकाशे बनवायचं क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, ते कुणी शिकवायची वाट बघू नका.

नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांत व्यावसायिक श्रेणीच्या सुरुवातीच्या पदांना साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. नुसत्या पदवीवर जायचं तर अनुभवाची आणखी वर्षं दाखवावी लागतात. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली आणि ती मदत वाटणारी आपली सरकारी संस्था यूएसएड गुंडाळली. संस्थांनी भराभर माणसं कमी केली, त्यामुळे आज नवख्यांच्या स्पर्धेत दहा-दहा वर्षांचे अनुभवीही उभे आहेत. पहिली नोकरी मिळते ती बहुतेकदा गोदाम, खरेदी, हिशेब किंवा डेटा यांत. ज्याला हे काम कमीपणाचं वाटतं त्याने दुसरी वाट धरलेली बरी. औषधांचा साठा कधी संपणार, हे आधी कळतं ते गोदामवाल्यालाच.

इंटर्नशिपबद्दल एकच आग्रह. पैसे भरून परदेशातल्या अनाथालयात दोन आठवडे ‘सेवा’ करायच्या योजनांपासून लांब राहा. सतत बदलणाऱ्या पाहुण्यांचा मुलांना त्रास होतो. शिवाय मुलांमागे पैसा येतो म्हटल्यावर आईबाप हयात असलेली मुलंही तिथे आणून ठेवली जातात. त्यापेक्षा जवळच्या संस्थेच्या गोदामात स्टॉक रजिस्टर सांभाळा, किंवा घरबसल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर रस्ते आणि घरं आखा. २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी असेच नकाशे भरले आणि बचाव पथकांनी ते प्रत्यक्ष वापरले.

आणि शेवटच्या वर्षीचा प्रबंध. अत्याचार सोसलेल्या निर्वासितांच्या मुलाखती घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पदवीच्या पातळीवर तो टाळावा. मुलाखतीत कुणी कोसळलं तर पुढे काय करायचं, कुणाकडे पाठवायचं, याची तयारी विद्यार्थ्याकडे नसते. समोरच्या माणसाने तीच कहाणी आधी चार संस्थांना सांगितलेली असते. त्याऐवजी रिलीफवेब आणि एचडीएक्स या संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळांवर खुले अहवाल आणि डेटा पडलेला आहे. एकच छावणी आणि एकच सेवा घ्या, वर्षभराचे आकडे काढा आणि अहवालात लिहिलेले नळ, शौचालयं, रेशन खरंच तेवढ्या माणसांना पुरतं का ते तपासा. शौचालयासाठी २० माणसांमागे एक हे प्रमाण धरा, आणि पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन आहेत का हेही बघा.