सयामी, सरडा आणि कुशीतला काळा डाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मार्जारप्रेमी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

सयामी मांजरावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिता, “मांजराचा रंग काय सरड्यासारखा हवेवर बदलतो? आमच्या मांजरीच्या कुशीत ऑपरेशननंतर काळा डाग आला, म्हणजे विकणाऱ्याने संकर गळ्यात मारला. पाच मिनिटं गूगल करून लेख पाडायचे आणि लोकांना शहाणपण शिकवायचं!”

‘लेख पाडायचे’ ही काय भाषा झाली? पुणेकर खोचक बोलतो, मान्य. पण आधी समोरच्याचं वाचतो तरी. ‘थंड जागी उगवणारा केस गडद येतो’ असं मी लिहिलंय. उगवणारा! तो एक शब्द गाळलात आणि त्याच्या जागी सरडा आणून बसवलात.

उगवून झालेला केस रात्रभर एसीत ठेवला म्हणून काळा होत नाही. सयामीत रंगद्रव्य तयार करणारं टायरोसिनेज हे एन्झाइम नाजूक असतं. अंगाच्या उबेत ते निकामी होतं, थंडाव्यात काम करतं. म्हणून नाक, कान, पंजे, शेपटी गडद आणि धड फिकट. पोटातल्या उबेतून आलेली पिल्लं पांढरीच जन्मतात. साधारण आठवड्याने कानांच्या कडा मळकट दिसायला लागतात, तोच पहिला रंग.

आता आपला काळा डाग. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन आपल्याकडे बरेचदा कुशीतून, म्हणजे पोटाच्या एका बाजूने करतात, त्यासाठी तिथले केस भादरतात. उघडी पडलेली कातडी गार राहते आणि नवे केस गडद फुटतात. डिसेंबर-जानेवारीत, पुण्याचा पारा दहा-बाराला उतरला की हे हमखास. उलट, पायाला बरेच दिवस बँडेज असेल तर त्याखाली केस फिकट येतात. भादरून थंडीत ठेवायचा हा प्रयोग रशियातल्या इल्यिन आडनावाच्या दोन संशोधकांनी केव्हाच केला; त्यांचा निबंध १९३० सालचा आहे. तेव्हा गूगल नव्हतं, महोदय.

आणि राहवत नाही म्हणून सांगतो, अठरा वर्षं सयामी सांभाळतोय. असे डाग आपल्या प्रतिक्रियांपेक्षा जास्त पाहिलेत.

एक चूक मात्र कबूल. शेपटीला गाठ ‘असतेच’ असं मी लिहिलं, ‘पूर्वी सर्रास असायची’ असं हवं होतं. गाठ आणि तिरळेपणा दोन्ही ब्रीडरांनी निवड करून बरेच कमी केलेत. दुरुस्ती केली आहे.

‘सयामी मूळची इंग्लंडची’ असंही आपण लिहिता, यावर काय बोलणार! बँकॉकचे ब्रिटिश कॉन्सल गूल्ड यांनी १८८४ साली बहिणीसाठी जोडी नेली, ती सयामहूनच, म्हणजे आजच्या थायलंडमधून. आवाजाचं म्हणाल तर तान्ह्या मुलासारखी रडते, माणसाला चिकटून राहते. दिवसभर कुलूपबंद घरात ठेवली तर पडदे फाडणारच.

संकराचीच शंका असेल तर डाग सोडा, डोळे बघा. पिल्लांचे डोळे सगळ्यांचेच निळे असतात, पण तीन महिन्यांनंतरही निळेच राहिले पाहिजेत. हिरवट-पिवळे झाले असतील तर खुशाल विकणाऱ्याशी भांडा. निळेच असतील तर तिला उबेत ठेवा आणि पुढच्या केसगळतीपर्यंत थांबा. जुने केस झडले की त्या जागी फिकट येतील. तोवर त्या डॉक्टरांना आणि विकणाऱ्याला शिव्या घालू नका. मला घातल्यात तेवढ्या पुरे.