हवा काढू नका, मास्तर

ब्रेक ऑइल हातावर सांडलं तर साबणाने जातं. रंगावर सांडलं तर रंगच जातो. माझ्या गाडीच्या डिकीवर सध्या तळहाताएवढा पापड फुगलेला आहे. तो ज्यांच्या कृपेने फुगला ते गृहस्थ आत्ता समोरच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हकिकत सांगताहेत. खिडकी बंद आहे, तरी ऐकू येतंय.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारांची, मद्रासला बनलेली. मी तिला स्पोर्ट्स कार म्हणतो, बायको 'तुमची ती' म्हणते, गल्ली डबडं म्हणते. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की इंग्लंडात १९६२ साली निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही हेरल्डचीच चासी आखूड करून केलेली, आणि दोघींचं रूप मिकेलोत्ती नावाच्या एकाच इटालियन माणसाने काढलेलं. धाकटीला स्पोर्ट्स कार म्हणायचं आणि थोरलीला डबडं, हा कुठला न्याय? हे मी गल्लीत एकदा बोललो. परत बोललो नाही.

गेल्या रविवारी कासवरून येताना यवतेश्वरच्या घाटात ब्रेकचं पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा गाडी थांबली, आणि बायको बोलायची थांबली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. साताऱ्यात चार महिने पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात, तिथे त्या बिचाऱ्या तेलाचं काय? डॉट फोर जातीचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही असा दंडक आहे. ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच १५५वर येतो. घाटात चाकांतले ब्रेकचे ड्रम तापले की पाइपात वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी पुढे जाते.

मेकॅनिकने बॉनेटकडे न बघताच "विकून टाका" असा इलाज सांगितला. दुकानदाराने "कालच फोडलाय, अर्धा आहे, निम्म्यात घ्या" म्हणून उघडा डबा पुढे केला. मी सीलबंद डबा घेतला, मेडिकलमधून सलाईनची नळी घेतली, आणि घरीच तेल बदलून ब्रेकमधली हवा काढायची ठरवली. पाना मात्र माझ्याकडेच होता. इथे सगळ्यांकडे दहा-अकराचा पाना असतो, आणि या गाडीच्या हवा सोडायच्या निपलला लागतो सात-सोळांश इंचाचा, म्हणजे ११.११ मिलिमीटर. त्या दशांशापायी मी आजवर किती निपल गोल केलेत ते विचारू नका.

काम दोन माणसांचं. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करायचं, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, निपल आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर काढलेली हवा परत आत. दाब, धर, सोड. संसारात एवढे तीन शब्द पुरतात असं मला वाटायचं.

क्लचही तेलावरच चालतो, त्याची हवा काढायचं आधी आटपलं. गिअरबॉक्सवरचं झाकण गाडीच्या आतून काढून, पाय दाराबाहेर ठेवून मी तासभर पडलो होतो, एवढंच त्याबद्दल. मग डावं मागचं चाक घेतलं, कारण सगळ्यात लांबचं चाक आधी. नळीतून पहिलं तेल आलं ते तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं, त्यात साबुदाण्यासारखे बुडबुडे एकामागून एक. इतकं समाधान मला पगाराच्या दिवशीही झालेलं नाही. तेवढ्यात बायको म्हणाली, "तिसरी शिट्टी झाली," आणि उतरून आत गेली.

तिच्या जागी नाना आले.

नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. उभी हयात इंजिनाशेजारी गेल्यामुळे डाव्या कानाने जरा कमी ऐकतात, आणि उजव्या कानाने स्वतःचंच ऐकतात.

"काय चाललंय, मास्तर?"

"ब्रेकमधली हवा काढतोय, नाना."

नाना गंभीर झाले. "हवा काढताय?"

"हो."

"ब्रेकातली?"

"हो."

"आन् मग गाडी थांबनार कशावर?"

मी गाडीखालून बाहेर आलो. ही माझी पहिली चूक. एसटीला एअर ब्रेक, तिथे हवेचा काटा खाली असला तर गाडी डेपोतून हलवत नाहीत. याला तेलाचा ब्रेक, यात हवा म्हणजे रोग, हे सगळं समजावून सांगितलं. वर्गात पोरं ऐकत नाहीत त्याच मायेने नानांनी ऐकून घेतलं.

"१९४८ सालापास्नं एसटी पळतीया," ते म्हणाले, "आन् तुम्ही मला हवा शिकवताय व्हय?"

आता १९४८ साली पुणे-नगर धावलेल्या त्या पहिल्या गाडीच्या वेळी नाना स्वतः पाळण्यात होते. पण कट्ट्यावरची आणखी तीन माणसं एव्हाना येऊन उभी राहिली होती, आणि त्यांच्या माना नानांच्या बाजूने हलत होत्या. माझी बाजू पदार्थविज्ञानाची होती. तिच्या बाजूने कोणी मान हलवत नाही.

"सरा, मी दाबतो," म्हणत नाना आत बसले. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. पेडलचा जोर तेलात उतरवणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्यापर्यंतच जातो. पुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल पार तळाला गेलं तर रबरी सील त्या गंजावरून घासत जातं आणि फाटतं. म्हणून ठोकळा.

"पायाखाली लाकूड? अपघात हुईल," म्हणून नानांनी तो काढून बाहेर टाकला. तेलाचा डबा बॉनेटपाशी होता, तो "वाऱ्यानं लवंडंल" म्हणून कुणीतरी उचलून त्यांच्याच हुकमाने डिकीवर ठेवला. बुडाशी ओघळ होता. मी गाडीखाली होतो, मला यातलं काहीच दिसलं नाही.

"दाबा, नाना."

नानांनी दाबलं. भरलेली एसटी खंबाटकीच्या उतारावर थांबवणारा तो पाय होता. आतून 'चुक' असा आवाज आला.

"धरा!"

"सोडू?"

"नको! धरा!"

"सोडलं!"

बाटलीतलं तेल नळीतून उलटं वर चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. नंतर पन्नास वेळा दाबून झालं. पेडल तळाला जातं, आणि कंटाळल्यासारखं हळूहळू वर येतं. मास्टर सिलिंडरचं सील गेलं.

नाना उतरले, हात झटकले, आणि चौघांसमोर म्हणाले, "म्हनलं हुतं का न्हाई? हवा काढू नका."

चिडायचं ते मी इथेच चिडलो, पण कुणावर चिडणार? म्हाताऱ्या माणसाने आपणहून मदत केली. त्याला टोचून बोललो तर मी शिष्ट, गप्प बसलो तर मी अडाणी. आता गल्लीतलं पोरगंसुद्धा मला विचारतं, "सर, हवा भरली का?" दूधवाला विचारतो. बायको विचारत नाही, फक्त चहा ठेवताना हसते. पुस्तकात वाचून, बोटं सोलून, योग्य क्रमाने केलेलं काम होतं ते. सील किट पुण्यात नाही, मुंबईत बघतो म्हणालेत. तोवर आमच्या गोडोलीच्या उतारावर हेरल्ड उभी आहे. चाकामागे दगड नानांनीच लावलाय, आणि तो अगदी बरोबर लावलाय, हे आणखी एक.

आज सकाळी त्यांचा नातू सायकलचा पंप घेऊन दारात उभा. "आज्यानं दिलाय. म्हनाले, निवांत द्या परत."

पंप ओट्यावर आहे. तो न्यायला ते स्वतःच येतील, म्हणून मी दाराला आतून कडी घातलीय.