एल्विस एका रात्रीत स्टार झाला नव्हता

‘आईला वाढदिवसाची भेट द्यायला एक ट्रक ड्रायव्हर स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायला गेला. मालकाने आवाज ऐकला आणि एल्विस प्रेस्ली एका रात्रीत स्टार झाला.’ अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विसबद्दलची ही पोस्ट पुन्हा फिरतेय. गोष्ट गोड आहे, पण पोराची सगळी धडपड त्यात पुसली जाते.

आधी वाढदिवस. त्याच्या आईचा, ग्लॅडिसचा, वाढदिवस २५ एप्रिलला. एल्विस अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या त्या स्टुडिओत गेला १९५३च्या जुलैत. ट्रक तो चालवायचा हे खरं, पण ती नोकरी १९५४ची. स्टुडिओत गेला तेव्हा नुकती शाळा संपली होती.

मालकाने हेरलं म्हणे! नाव टिपून ठेवलं ते ऑफिस सांभाळणाऱ्या मॅरियन कायस्करने. तिचं नाव या पोस्टमध्ये कधीच नसतं, याचा मला खरंच राग येतो. जानेवारी १९५४मध्ये एल्विसने पदरचे पैसे घालून दुसरी तबकडी केली. काही झालं नाही. ख्रिस्ती भक्तिगीतं (गॉस्पेल) गाणाऱ्या एका गटानेही त्याला नाकारलं. जूनमध्ये मालक सॅम फिलिप्सने अखेर बोलावलं, तेव्हा दिलेलं गाणं काही त्याला जमेना.

आणि ती ‘एक रात्र’? ५ जुलै १९५४. गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक, ड्रम्स नाहीतच. संथ गाणी गाऊन सगळे कंटाळले होते. मधल्या सुट्टीत एल्विस उड्या मारत ‘दॅट्स ऑल राइट’ गायला लागला, बिल बास बडवत सामील झाला, मागोमाग स्कॉटी. फिलिप्सने दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? सांगता कुणालाच येईना. मग त्याने तेच पहिल्यापासून वाजवायला लावलं.

रेडिओवर ते गाजलं, पण मेम्फिसपुरतं. ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या कार्यक्रमात फारसं कुणी दाद दिली नाही. मग लुइझियाना हेराइड या रेडिओ कार्यक्रमाचे शनिवार आणि गावोगावचे दौरे. आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीने नोव्हेंबर १९५५मध्ये ३५,००० डॉलरला त्याचा करार विकत घेतला. देशभर डोक्यावर घेतलं ते १९५६ साली.

शिवाय ते पहिलं गाणं त्याचं नव्हतंच. आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाने ते १९४६मध्ये रेकॉर्ड केलं होतं. आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी क्रुडप म्हातारपणीही भांडत होता.